उलट्या बाजूचा नोल्बेर्तो

एवढंच आहे, म्हणाली एदुविना,
आणि पाकीट ठेवलं टेबलावर,
माझ्या ब्रशांपासून जरा लांब.

एक ओळखपत्रावरचा, नखाएवढा,
सरकारी शिक्का हनुवटीवरून गेलेला.
एक पुतणीच्या लग्नातला;
पुढच्या बाईच्या हॅटने त्याचा उजवा गाल,
उजवी भुवई, सगळं गिळलेलं.
आणि एक मोठा, चांगला, कृष्णधवल,
अकरा वर्षं तिच्या उशाशी उभा,
काचेवर ओठांचा पुसट डाग.

मी केमचीच्या धक्क्यावर बोटींची नावं रंगवतो.
माणसं क्वचित. मेलेली त्याहून क्वचित.
नोल्बेर्तोच्या बोटीचं नावही मीच लिहिलं होतं,
तेव्हा बघितली ती अक्षरं. त्याच्याकडे
नीट बघायचं राहून गेलं.

डोळ्यांचा रंग?
ओहोटीनंतर खडकावर शेवाळ उरतं तसा.
ओलं शेवाळ की वाळलेलं?
ती थांबली. चुलीत लाकूड सरकवलं, माझ्याच घरात.
रागावला की ओलं, म्हणाली.

कान तिन्ही फोटोंत नाही, टोपीत गेलेला.
म्हणून त्याच्या भावाला बसवलं खुर्चीत,
शिंपले विकणाऱ्या अर्तेमियोला.
कान आमच्या बापाचे, तो म्हणाला,
दोघांना एकाच मापाने मिळाले,
आणि दुपारभर हलला नाही, श्वासही जपून,
जणू भाऊ त्याच्या कानात काही सांगत होता.

मग भुवईतला व्रण.
गळ उडाला होता, तरुणपणी, लग्नाआधी.
कुठल्या बाजूला?
डाव्या, एदुविना लगेच म्हणाली,
आणि मोठ्या फोटोवर बोट ठेवलं.
मी डावीकडे रंगवला.

तीन रात्री तो माझ्याकडे बघत राहिला,
चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा.
चौथ्या रात्री लग्नाचा फोटो भिंगाखाली धरला.
हॅटबाहेर उरलेली डावी भुवई
अखंड. साफ. व्रणाचा मागमूस नाही.
मग मोठा फोटो. मग त्यातला सदरा.
बटणं भलत्याच बाजूला, बाईच्या सदऱ्यासारखी.

कुणा स्टुडिओवाल्याने घाईत
निगेटिव्ह पालथी घातली होती.
अकरा वर्षं ती झोपण्याआधी
आरशातल्या माणसाचा निरोप घेत होती.

सांगायचं कसं?
सांगितलं नाही. सुरीने भुवई खरवडली,
भांग फिरवला, व्रण पलीकडे नेला,
कच्चा अंबर, थोडा पांढरा, जवळजवळ काही नाही.
जवसाच्या तेलाचा वास, बाहेर पाऊस.
आमच्याकडे तो नसतो त्या दिवसाची नोंद ठेवतात.

ती आली. कोट न काढता उभी राहिली.
हा तो नाही, म्हणाली.
मी ब्रश पुसत राहिलो, स्वच्छ ब्रश.
हा नाही, पुन्हा म्हणाली, पण हळू,
आणि तिचा हात उठला, तिला न विचारता,
हवेतच, कॅनव्हासपासून वीतभर,
गेला सरळ त्याच्या उजव्या भुवईकडे
आणि अंगठा तिथे फिरला, एकदा,
जुन्या वाटेवरून.

बराच वेळ.
मग, माझ्याकडे न बघता:
मी भिंतीकडे झोपायचे. तो दाराकडे, उताणा.
व्रण माझ्या बाजूला असायचा.

बटाट्याचं पोतं दाराशी ठेवून गेली,
उरलेले पैसे मार्चमध्ये.
चित्र सुकायला इथल्या दमट हवेत
महिने लागतील; पण ओलंच नेलं,
अर्तेमियोने छातीपासून लांब धरून,
जाळ्यातून सुटू बघणाऱ्या माशासारखं.

मोठा फोटो टेबलावर राहिला होता.
मी हाक मारली. ती परत आली,
कोटाच्या बाहीने काच पुसली,
ओठांचा डाग तेवढा सोडून.
हाही राहू दे, म्हणाली.
अकरा वर्षं सोबत
यानेच केली.